नेड्राताईंच्या कार्डांची मागची बाजू

माझ्या भाच्याची श्रद्धा तुम्ही मोडलीत, अध्यक्ष. फोनने नाही मोडली, नास्तिकांनी नाही, विद्यापीठातल्या दाढीवाल्यांनीही नाही. तुम्ही मोडलीत, आणि तीसुद्धा एका एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईच्या कष्टांचा हातोडा करून. वर तिलाच दोषी ठरवून मोकळे झालात. तुम्ही आमच्या नऊ मंडळ्यांचे अध्यक्ष, पण पोटासाठी दातांचे डॉक्टर; हे तोंडावर सांगायला मी तुमच्या दवाखान्यात आलो होतो, पण तिथली मुलगी म्हणाली की डॉक्टर कुणाचा तरी दात काढतायत, वेळ लागेल. म्हणून लिहितोय. आणि लिहिलेलं गावात सगळ्यांना वाचायला देणार आहे, कारण तुमच्याशी बंद खोलीत बोललेलं बंद खोलीतच राहतं, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव.

मी डेलॉय रासमुसेन. शाळा दहावीत सोडली, जन्मभर टर्की पाळल्या. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा, पण आधी मजकूर वाचा.

नेड्रा ओल्डरॉइड कोण हे तुम्हाला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या सगळ्यांना नाही. या बाईने काउंटीच्या रस्ते खात्यात तेहतीस वर्षं नोकरी केली. सॅनपिच नदीवरचे, कालव्यांवरचे, ओढ्यांवरचे पूल तपासायला इंजिनिअर यायचे आणि बदलून जायचे. कुठल्या पुलावर किती टनांपर्यंतची गाडी चालेल अशी पाटी लावायची, ती वही मात्र ताईंच्या टेबलावर. एका हंगामात गवताचे ट्रक अडले तेव्हा वरचे साहेब म्हणाले, "नेड्रा, त्या पाटीवर आठऐवजी बारा लिही."

ताई म्हणाल्या, "पाटी बदलते मी, साहेब. पण पुलाला कोण सांगणार?"

पाटी आठचीच राहिली. साहेब दोन वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

आता तो डबा. ताईंची मुलगी जनील सव्वीस वर्षांची असताना एक दिवस स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "आई, जोसेफ संदेष्ट्याच्या इतक्या बायका होत्या हे तुला माहीत होतं?" जोसेफ म्हणजे ज्याने आमचा पंथ उभा केला तो. ताई म्हणाल्या, "असलं काही वाचू नकोस." बस, एवढंच. जनील पुढच्या रविवारी मंडळीत आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आज एकोणीस वर्षं झाली.

दुसरी कुणी असती तर रडली असती आणि पोरीच्या नावाने उपास केले असते. ताईंनी तेही केलं, पण त्याबरोबर वाचायला सुरुवात केली. वाचनालयातून पुस्तकं मागवली, इतिहासकारांना पत्रं लिहिली, शत्रूंनी लिहिलेलं वाचलं, मित्रांनी लिहिलेलं वाचलं. आणि प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड केलं. कार्डं ठेवायला डबा कुठला, तर पाककृतींचा पत्र्याचा डबा. पुढच्या बाजूला प्रश्न आणि आपल्या बाजूच्या विद्वानांनी दिलेलं सगळ्यात चांगलं उत्तर. मागच्या बाजूला, ताईंच्या ठसठशीत अक्षरात, ते उत्तर किती टन पेलतं.

हो, टन. दुसरं माप त्यांना येत नव्हतं.

माझा भाचा कॉल्बी मॅडसन घोड्यांना नाल ठोकतो. तेहतीस वर्षांचा, बायको शायला, एकुलती मुलगी ब्रिनली. गेल्या शरदात तो माझ्या शेडवर आला आणि टर्कींच्या कलकलाटात ओरडून म्हणाला, "मामा, तुला टोपीतला दगड माहीत होता?"

आम्हा सगळ्यांना लहानपणी चित्र दाखवलेलं असतं: संदेष्टा टेबलाशी बसलाय, आमचा ग्रंथ ज्यांवरून त्याने भाषांतर केला ते सोन्याचे पत्रे समोर, बोट ओळीवर. जवळच्यांनी लिहून ठेवलंय ते वेगळं. टोपीत एक दगड, त्यात बघायला संदेष्ट्याचं तोंड टोपीत, आणि पत्रे बहुतेक वेळा फडक्याखाली.

"माहीत होता," मी म्हणालो.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"अरे, विचारायला आधी माहीत असावं लागतं ना! काय माणूस आहेस!"

बरोबर होतं त्याचं. पुढे म्हणाला, "मार्चमध्ये ब्रिनली आठ वर्षांची होतेय. तिचा बाप्तिस्मा मी करायचाय. पाण्यात उभं राहून, हात वर करून, मला अधिकार आहे असं म्हणायचंय. तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

आमच्यात मूल आठ वर्षांचं झालं की बाप त्याला पाण्यात नेतो. पोर जन्मल्यापासून बाप त्या दिवसाची वाट बघतो. ज्याला स्वतः उतरता येत नाही तो काठावर कसा उभा असतो, ते मी पाहिलंय. आपल्याच पोराच्या बारशाला दाराबाहेर उभं केल्यासारखा.

मी कॉल्बीला मंगळवारी नेड्राताईंकडे नेलं.

"बस. हात धुतलेस का? घोड्याचा वास येतोय."

"धंदाच तो आहे, ताई."

"धंद्याला साबण चालत नाही का? जा."

तो हात धुऊन आला तेव्हा समोर ताज्या पावांची टोपली आणि बरणीतले पीच होते. ताईंनी डबा उघडला. दगडाचं कार्ड त्याला दिलं, त्याने वाचलं, उलटलं. मागे लिहिलेलं: सहा टन. "भरलेली गाडी जाईल," ताई म्हणाल्या. "देवाला बोलायचंच असेल तर दगड काय आणि पत्रे काय. चित्रं काढणाऱ्यांचं चुकलं, आणि चित्रं बदलायला आम्ही उशीर केला." बायकांचं कार्ड: दीड टन. खाली बारीक अक्षरात, "गाडीतून उतरून, एकट्याने, चालत जावं." इजिप्तच्या एका जुन्या कागदाचं संदेष्ट्याने केलेलं भाषांतर विद्वानांना जुळत नाही, त्याचं: एक टन, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मग घोड्यांचं आलं. आमच्या ग्रंथात या खंडावर प्राचीन काळी घोडे आहेत, आणि शास्त्रज्ञ म्हणतात त्या काळी इथे घोडे नव्हते. कार्डावर उत्तर होतं: नव्या प्रदेशात गेलेले लोक परक्या प्राण्याला ओळखीचं नाव देतात, कदाचित ते घोडे म्हणजे दक्षिणेकडचा टेपिर नावाचा जंगली प्राणी असावा.

कॉल्बीने उलटून मोठ्याने वाचलं, "पाव टन. कोंबडी जाईल. मुलांना नेऊ नये."

तो इतका हसला की पीचचा रस नाकात गेला. "ताई, टेपिरला नाल कुठे ठोकायचा?"

"कुठेच नाही. त्याला बोटं असतात. पुढे चार, मागे तीन. प्राणिसंग्रहालयात जाऊन मोजून आलेय मी. उगीच नाही पाव टन लिहिलं."

शेवटचं कार्ड त्यांनी माझ्याकडे बघून काढलं, कारण त्याचं माझ्याशी जुनं भांडण आहे. एकोणीस वर्षांचा असताना मी धर्मप्रसाराला ब्राझीलला होतो. रेसिफेमध्ये एव्हानिल्डो नावाचा एक सुतार होता. आमच्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने बाकं केली, आणि मला त्याला सांगावं लागलं की तुझी कातडी काळी आहे, आमच्यातल्या बाकी सगळ्या पुरुषांना मिळतं ते याजकपण, म्हणजे बाप्तिस्मा देण्याचा अधिकार, तुला मिळणार नाही. पुढच्या वर्षी नियम बदलला. एव्हानिल्डो त्याआधीच वारला होता. कारण काय, तर आमच्या मोठ्यांनी शंभर वर्षं कारणं सांगितली, आणि मी ती पाठ म्हणून दाखवली होती.

त्या कार्डाची पुढची बाजू कोरी आहे. मागे लिहिलंय: "शून्य. इथे पूल नाही. आमचं चुकलं. पाण्यात उतरून, भिजून, माफी मागत जावं."

कॉल्बीने ते कार्ड दोनदा उलटून पाहिलं.

परत जाताना गाडीत म्हणाला, "तिने मला काही फारसं पटवलं नाही, मामा."

"मग?"

"पुढच्या मंगळवारी येणार."

"पटलं नाही तरी?"

"पहिल्यांदाच कुणीतरी मला मोजून दिलं."

सात मंगळवार तो गेला. फोनवरचं वाचणं थांबवलं नाही त्याने, उलट तिथलं घेऊन यायचा आणि ताईंशी हुज्जत घालायचा. दोनदा तर ताईंनी त्याच्या म्हणण्यावरून कार्डावरचा आकडा खाली आणला. "अरे टोणग्या, बरोबर आहे तुझं," म्हणत खोडरबर मागितला. आणि हे ऐका, अध्यक्ष: ज्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा आकडा उतरवला, त्याच आठवड्यात कॉल्बी पोरीबरोबर पुन्हा गुडघे टेकून प्रार्थना करायला लागला. शायलाने मला फोन करून सांगितलं, आणि सांगता सांगता रडली.

मग तुम्ही आलात.

ताईंच्या स्वयंपाकघरात बसून, पीच खाऊन म्हणालात, "ताई, हे सोनं आहे. नऊच्या नऊ मंडळ्यांना मिळायला हवं." ताई भोळ्या नाहीत, पण निष्ठावान आहेत. आमच्यात वरच्याने मागितलं की द्यायचं असतं. त्यांनी डबा दिला. दोन आठवड्यांनी परत आला, आणि पाठोपाठ तुमची निळी पुस्तिका: ‘शंकांना खात्रीची उत्तरं’. पहिल्या पानावर एका निष्ठावान भगिनीचे आभार. आत कार्डांच्या पुढच्या बाजू, शब्दाला शब्द. मागच्या बाजूंचा पत्ता नाही. कोरी बाजू असलेलं ते कार्ड अर्थातच नाही, कारण तुम्हाला त्यात छापण्यासारखं काही दिसलं नाही.

त्या रविवारी सगळ्या मंडळ्या एकत्र होत्या. तुम्ही व्यासपीठावरून पुस्तिका उंच धरलीत आणि त्यातलं एक उत्तर वाचलंत. सगळी सोडून नेमकं घोड्यांचं. आणि जिथे "कदाचित" होतं तिथे म्हणालात, "हे आता शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय." तीनशे माणसांनी माना डोलावल्या.

तिसऱ्या रांगेत ब्रिनली बापाच्या मांडीवर होती. तिने विचारलं, तेही पोरं विचारतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "बाबा, टेपिर म्हणजे काय?"

कॉल्बीने फोनवर चित्र काढून दाखवलं.

"हा तर डुकरासारखा आहे! याच्यावर कोण बसणार?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. तुम्ही भुवया चढवल्यात. कॉल्बी उठला, पोरीला कडेवर घेतलं आणि बाहेर पडला. मी धावत गाडीपर्यंत गेलो.

"मामा, आत जा."

"अरे, पण ते अध्यक्षांचं..."

"अध्यक्षांचं नाही. हे तिचं आहे. शब्द न् शब्द तिचा आहे, मी वाचलेत. मला स्वयंपाकघरात पाव टन सांगते आणि यांना व्यासपीठावरून म्हणायला चाळीस टन देते. मला वाटलं होतं एक तरी माणूस आहे. सगळे तसेच." आणि मग, शांतपणे, "बिशपना सांग, बाप्तिस्म्याला माझं नाव लिहू नका. शायलाचे वडील करतील."

ब्रिनली मागच्या सीटवरून म्हणाली, "आजोबा नकोत. मग मला नकोच."

हे तुम्ही केलंत. चार महिने फोनवरचे लोक जे करू शकले नाहीत, ते तुम्ही त्या छोट्या पुस्तिकेने एका सकाळी केलंत. त्या पोराला उत्तर पोकळ आहे हे आधीच माहीत होतं, त्यामुळे तो मोडला नाही. ते पोकळ आहे हे माहीत असूनही ताईंनी लपवलं असं त्याला वाटलं, त्यामुळे मोडला. एवढा फरक तुम्हाला कळत नसेल तर लोकांच्या शंकांना हात लावू नका, दातच बघा.

ताई त्या रविवारी कमरेच्या दुखण्याने घरीच होत्या. मी पुस्तिका नेऊन दिली. त्यांनी भिंग घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. भिंग खाली ठेवलं. एवढंच म्हणाल्या, "यांनी पाट्या काढल्या."

मग म्हणाल्या, "चावी दे."

"कसली?"

"तुझ्या पिकअपची. माझी बॅटरी गेलीय."

"कंबर धरलीय ना तुमची? मी नेतो."

"मग बघत काय उभा राहिलायस?"

कॉल्बी त्याच्या शेडमध्ये होता, एका लाल घोडीचा खूर गुडघ्यांत धरून. आम्हाला पाहून त्याने मान खाली घातली आणि कानस चालवत राहिला. ताई उलट्या बादलीवर बसल्या. डबा उघडला आणि ऐरणीवर एकेक कार्ड मांडलं, सगळी मागची बाजू वर करून.

"वाच."

"वाचलेत मी."

"मोठ्याने वाच. घोडीलाही कळू दे."

कॉल्बीला हसू आलं, ते त्याने गिळलं. "पाव टन. कोंबडी जाईल. मुलांना नेऊ नये."

"अक्षर कुणाचं आहे?"

"तुमचं."

"त्यात काही बदललंय?"

"नाही."

"पुस्तिकेत ते का नाही, मला माहीत नाही. मी डबा दिला. छापतील हे माहीत होतं, एकच बाजू छापतील हे ध्यानात आलं नाही. यायला हवं होतं. तेहतीस वर्षं पाट्या लावल्यात मी, पाटी न लावता रस्ता खुला करणाऱ्याच्या हाती वही द्यायची नसते. ही माझी चूक. मला माफ कर, कॉल्बी."

घोडीचा खूर हळूच खाली ठेवला त्याने. मी या मंडळीत अडुसष्ट वर्षं आहे. वडीलधाऱ्याने तरुणाची अशी, सारवासारव न करता, माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती. मला कुठे बघावं कळेना, मी घोडीची मान थोपटत राहिलो.

कॉल्बीने कानस खिळ्यावर टांगली. मग म्हणाला, "ताई, खरं सांगा. इतके पूल असे पाव टनाचे नि दीड टनाचे. तुम्ही तरी पलीकडे कशा काय राहता?"

"पुलावर कुणी घर बांधतं का रे? मी उत्तरांवर राहत नाही. मी प्रार्थना करते आणि कुणीतरी ऐकतंय असं मला वाटतं. सिद्ध करता येत नाही, करायलाही जात नाही. नवरा गेला तेव्हा याच मंडळीतल्या बायकांनी मला महिनाभर चूल पेटवू दिली नाही. त्या जशा आहेत तशा ज्या श्रद्धेमुळे आहेत, ती सोडून मला कुठे जायचं नाही."

"मग हा डबा कशाला?"

"माणूस घाबरून पळत सुटतो ना, तेव्हा त्याला दिसत नाही कुठे तोल जाईल आणि कुठे नाही. हा डबा त्याला चालायला लावतो, बस. चालताना विचार करता येतो. कुणी चालत राहतो, कुणी चालत निघून जातो. माझ्याकडे अकरा जण आले. सहा राहिले, पाच गेले. जनीलला तर डबा मिळालाच नाही, तेव्हा तो नव्हताच."

"गेलेल्यांचं वाईट वाटतं?"

"वाटतं. पण जे गेले ते माझ्यावर दार आपटून नाही गेले. जनील दर शुक्रवारी येते, माझे केस धुऊन देते. मी तिला काही विचारत नाही, तीच कधीकधी विचारते."

कॉल्बीने कार्डं गोळा केली, नीट रचून डब्यात ठेवली. म्हणाला, "मला हे खरं आहे असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही, ताई. खरं असावं असं वाटतं. एवढंच उरलंय."

"एवढं बिशपना सांगता येईल?"

"येईल."

"मग जा. आणि हात धुऊन जा."

आमच्या मंडळीचे प्रमुख, बिशप वेस जेन्सन, गवताची शेती करतात. ट्रॅक्टरवर बसल्याबसल्या त्यांनी कॉल्बीचं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मला तरी रोज सकाळी कुठे माहीत असतं? तुझं वागणं सरळ आहे, घर सरळ आहे. पोरीला घेऊन पाण्यात उतर." त्यांनी कागदावर सही केली. तो अधिकार त्यांचा आहे, आणि त्यांनी तो वापरला.

त्यानंतर चौथ्या दिवशी तुमचं पत्र आलं. तीन वाक्यं. मॅडसन बंधू स्पष्ट खात्रीची साक्ष देत नाहीत तोवर त्यांनी बाप्तिस्मा करू नये. ओल्डरॉइड भगिनींचे मंगळवार बंद व्हावेत. त्यांची कार्डं शंका पेरतात.

शंका कुणी पेरली ते मी वर लिहिलंय. विद्वानांच्या उत्तरांनी माणसं टिकतात का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, उत्तरांनी नाही, उत्तर देणाऱ्याने टिकतात. या बाईइतकी खरी धर्मरक्षक या खोऱ्यात झाली नाही, आणि तिने रक्षण केलं ते खोटं एका शब्दानेही न बोलता. तिच्या मंगळवारांना आता बिशप वेस स्वतः येतात, मीही जातो. बंद करायचे असतील तर आम्हा सगळ्यांना घेऊन करा.

राहिला शनिवार. बाप्तिस्मा दहा वाजता आहे. हौद भरायचं काम माझं. तो भरायला अडीच तास लागतात, म्हणजे सात वाजता मी नळ सोडणार, तुमचं पत्र असो वा नसो. शायलाने पांढरे कपडे इस्त्री करून ठेवलेत. ब्रिनली घरच्या टबात नाक धरून, गुडघे वाकवून मागे पडायचा सराव करतेय, आणि प्रत्येक वेळी बापाचा हात पाठीशी आहे का ते बघतेय.

तुमच्या सहीशिवायही बिशप त्याला उतरू देतील. पण कॉल्बी म्हणतो, चोरून उतरणार नाही. त्याला तुमचा होकार हवा, नाहीतर तोंडावर दिलेला नकार. इतका सरळ माणूस तुम्हाला नकोय, हेच मला उमगत नाही.

म्हणून विचारतो. "मला माहीत नाही, पण खरं असावं असं वाटतं," असं देवासमोर प्रामाणिकपणे म्हणणारा बाप स्वतःच्या मुलीला पाण्यात नेऊ शकतो की नाही? हो किंवा नाही. पत्र नको, कारकून नको. शनिवारी सातच्या आत स्वतः या, त्या पोरीसमोर उकिडवे बसा, आणि तिचा बाप का चालत नाही ते तिला तुमच्या तोंडाने सांगा. सांगाल?